तिशीतील धुळाक्षरे

१५८२ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ७ तारखेस मकाव बंदरात उतरलेल्या उतारूंमध्ये एक इटालियन धर्मोपदेशक होता. वय एकोणतीस. लॅटिन व ग्रीक या भाषांवर त्याचे प्रभुत्व होते. गोव्याच्या विद्यालयात तो त्या शिकवूनही आला होता. यूक्लिडची भूमिती त्याने रोममध्ये त्या काळातील एका श्रेष्ठ गणितज्ञापाशी बसून अभ्यासली होती. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र पुरे केले होते, पोर्तुगीज सराईतपणे बोलता येत होती. विद्येच्या बाबतीत आता आणखी काय मिळवायचे उरले, असे कोणालाही वाटावे अशी ही शिदोरी. परंतु ज्या देशासाठी तो आला होता, त्या देशाचे एकही अक्षर त्याला वाचता येत नव्हते आणि एकही वाक्य उच्चारता येत नव्हते. मकावमध्ये पाऊल ठेवताच या विद्वानाची पुन्हा पहिलीच्या वर्गात भरती झाली.

मात्तेओ रिची हे त्याचे नाव. चीनमध्ये तो ली मातौ या नावाने ओळखला गेला आणि आजही तेथे शाळकरी मुलांना ते नाव माहीत असते. पेकिंगच्या राजधानीत घड्याळे घेऊन गेलेला, जगाचा नकाशा चिनी भाषेत आणणारा विद्वान म्हणून त्याची कीर्ती मोठी आहे. त्या कीर्तीच्या आधीची तेरा वर्षे मात्र फारशी सांगितली जात नाहीत. ती वर्षे विद्यार्थिदशेची होती.

रिचीचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी मध्य इटलीतील माचेराता या गावी झाला. वडील औषधे विकण्याचा व्यवसाय करीत. मुलाने कायदा शिकावा, सरकारदरबारी मानाची जागा मिळवावी, ही त्यांची इच्छा. त्यासाठी १५६८ मध्ये त्यांनी मात्तेओला रोमला धाडले. तीन वर्षांनी मुलाने कायदा सोडला आणि तो येशूसंघात दाखल झाला. बातमी कळताच वडील त्याला परत आणण्यासाठी रोमच्या वाटेला लागले. पण पहिल्याच मुक्कामी, तोलेंतिनो गावात, त्यांना ताप भरला. हा ईश्वरी संकेत समजून ते माघारी फिरले, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. तापाचे कारण काहीही असो, आपण आखलेल्या वाटेने मूल जाणार नाही हे पचवायला एका बापाला किती कष्ट पडले असतील, हे पालकांना निराळे सांगायला नको.

रोमच्या विद्यालयात त्याला गुरू लाभला तो क्रिस्तोफर क्लेव्हियस. आज आपल्या भिंतीवर जी दिनदर्शिका लटकते, तिचे गणित १५८२ च्या सुधारणेत ज्यांनी सिद्ध केले त्यांत क्लेव्हियसचा वाटा मोठा होता. त्याच्याकडून रिची भूमिती, खगोलशास्त्र आणि घड्याळे व यंत्रे करण्याची विद्या शिकला. १५७७ मध्ये पूर्वेकडे जाण्याची त्याची विनंती मान्य झाली. काही काळ पोर्तुगालमध्ये कोइंब्रा येथे राहून २४ मार्च १५७८ रोजी लिस्बनहून त्याचे जहाज सुटले आणि जवळजवळ सहा महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, गोव्यास लागले.

गोव्यातील त्याची साडेतीन वर्षे आपल्या दृष्टीने विशेष जवळची आहेत. मांडवीच्या काठचे ते शहर तेव्हा वैभवाच्या शिखरावर होते, पण त्या वैभवाची दुसरी बाजूही होती. साष्टीतील देवळे पाडली गेली होती, धर्मन्यायालयाची दहशत होती. ज्या सत्तेच्या जहाजांतून रिची आला, तिचेच हे काम होते. तो स्वतः धर्मप्रसारासाठीच निघालेला होता, हे विसरून त्याचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्याबरोबर लिस्बनहून आलेला रुदोल्फो आक्वाविवा १५८० मध्ये अकबर बादशहाच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला पोहोचला आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांच्या हातून मारला गेला.

रिचीच्या मागोमाग, १५७९ च्या ऑक्टोबरात, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी गोव्यात आला. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण रचून १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापून काढणारा हाच तो फादर स्टीफन्स. एकाच संघाचे दोन तरुण, वर्षभराच्या अंतराने एकाच बंदरात उतरले. एक आपल्या भाषेचा विद्यार्थी झाला, दुसरा चिनीचा.

गोव्यात रिचीची प्रकृती बिघडली. हवापालटासाठी त्याला कोचीनला पाठवण्यात आले आणि १५८० मध्ये तेथेच त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. गोव्यास परतल्यावर त्याने केलेली एक गोष्ट, शाळेशी संबंध असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. विद्यालयात त्या सुमारास नवा नियम आला: स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या वरच्या वर्गांत बसू द्यायचे नाही. शिकले तर शेफारतील आणि खेड्यापाड्यांतील गरिबांत काम करायला तयार होणार नाहीत, ही सबब. १५८१ च्या नोव्हेंबरात रिचीने रोममधील आपल्या सर्वोच्च वरिष्ठांना पत्र लिहून हरकत घेतली. शिकून अहंकार येतो हे खरे असेल, तर युरोपातील शाळांनाही तोच न्याय लावावा लागेल, असा त्याचा युक्तिवाद होता. हे लोक कितीही शिकले तरी गोऱ्यांकडून त्यांना मान मिळत नाही; त्यांना कमी लेखून अडाणी ठेवले तर त्यांच्या मनात वैरच वाढेल, हेही त्याने निक्षून मांडले. लिहिणारा एकोणतीस वर्षांचा, संघातील कनिष्ठ, आणि ज्यांच्या निर्णयावर तो बोट ठेवीत होता ते सारे त्याच्याहून ज्येष्ठ. दुसऱ्या समाजातील माणसाच्या बुद्धीला आपल्याइतकाच अधिकार आहे, ही त्याची धारणा चीनमध्ये पोहोचण्यापूर्वीच घडलेली होती. तसे नसते, तर पुढे जे शिकायचे होते ते त्याला शिकताच आले नसते.

१५८२ च्या एप्रिलात त्याने गोवा सोडला. त्याला मकावला बोलावून घेण्यामागे मिकेले रुज्जेरी हा त्याचा जुना सहप्रवासी होता.

रुज्जेरीची कथाही थोडी सांगायला हवी. नेपल्समध्ये कायद्याचे काम करून मग संघात आलेला हा मनुष्य १५७९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मकावला पोहोचला. पूर्वेकडील कार्याचा निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो याने त्याला आज्ञा दिली होती की चिनी भाषा बोलायला, वाचायला आणि लिहायला शीक. आज्ञा सोपी, पालन महाकठीण. मकावमध्ये पोर्तुगीज पंचवीसएक वर्षे राहत होते, पण चिनी शिकण्याची गरज त्यांना वाटलीच नव्हती. व्यापारापुरते दुभाषे मिळत. ख्रिस्ती होणाऱ्या चिनी माणसालाच पोर्तुगीज नाव, पोर्तुगीज पोशाख आणि पोर्तुगीज भाषा घ्यावी लागे. शिवाय तेथील दुभाष्यांची बोली दक्षिणेची. हवी होती ती साऱ्या साम्राज्यातील अधिकाऱ्यांची, दरबाराची भाषा. पोर्तुगीज त्या अधिकाऱ्यांना मँडारिन म्हणत, आणि हा शब्द आपल्या संस्कृतातील मंत्री या शब्दावरूनच मलायामार्गे त्यांच्या तोंडी बसला होता. तीच संज्ञा पुढे भाषेलाही चिकटली.

ही भाषा शिकवील कोण? चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषा नीट जाणणारा शिक्षक कोठेच नव्हता. शब्दकोश नव्हता, व्याकरण नव्हते. अखेर रुज्जेरीला एक चिनी चित्रकार भेटला. तो घोड्याचे चित्र काढी, त्याखाली घोड्याचे अक्षर लिही आणि मा असा उच्चार करी. शिष्याने चित्र पाहावे, अक्षर गिरवावे, ध्वनी कानांत साठवावा. आपल्या बालवर्गाच्या भिंतींवर चित्रांचे तक्ते लावलेले असतात. तीच रीत येथे एका वकिलासाठी वापरली जात होती. घोडा, झाड, माणूस येथवर ही पद्धत चालते. परंतु दया, न्याय, कदाचित, तरीसुद्धा यांची चित्रे कशी काढावीत? रुज्जेरी चिकाटीने बसे, पण मकावमधील त्याच्या स्वतःच्या बांधवांनाच हा उद्योग वेळेचा अपव्यय वाटे. त्याची थट्टा होई, त्याला दुसरी कामे लावली जात. अशा वेळी एक तरी सोबती हवा, म्हणून त्याने रिचीची मागणी केली होती.

रिचीने येताच त्याच्या शेजारी बैठक मारली. मकावमधील पहिल्या सहा महिन्यांनंतर, १५८३ च्या फेब्रुवारीत, पाडुआमधील आपल्या एका जुन्या शिक्षकाला त्याने जे पत्र धाडले त्यात नवख्या विद्यार्थ्याची थक्कावस्था पानोपानी दिसते. ही भाषा ग्रीकसारखी नाही आणि जर्मनसारखीही नाही, हे तो प्रथमच सांगून टाकतो. एकाच ध्वनीचे असंख्य अर्थ. फरक काय तो सुराचा, आवाज चढवण्या-उतरवण्याचा. आजच्या चिनीत मा या एका उच्चाराचे सुराप्रमाणे आई, ताग, घोडा आणि रागे भरणे असे वेगवेगळे अर्थ होतात, एवढे सांगितले म्हणजे अडचणीची कल्पना येईल. चिनी माणसेसुद्धा आपसांत बोलताना संदेह पडला की अक्षर लिहून दाखवतात, हे पाहून त्याला नवल वाटले. आणि अक्षरे तरी किती? जितक्या वस्तू तितकी अक्षरे. साठ हजारांहून अधिक, असा त्याचा त्या वेळचा अंदाज. लिहिणे म्हणजे चित्र काढण्याचाच प्रकार, म्हणूनच ते चित्रकारासारखा कुंचला धरून लिहितात, असे त्याने निरीक्षण नोंदवले. मात्र याच पत्रात त्याची नजर अडचणींच्या पलीकडे गेलेली आढळते. उच्चार निरनिराळे असले तरी जपानसारख्या देशांतील लोकही हीच अक्षरे वाचून अर्थ समजू शकतात. म्हणजे ही लिपी येणाऱ्याला एका भाषेऐवजी एक अवघे जग खुले होते, हे त्याला सहा महिन्यांतच उमगले होते.

१० सप्टेंबर १५८३ रोजी रुज्जेरी व रिची, प्रांताधिकारी वांग पान याच्या परवानगीने, क्वांगतुंग प्रांतातील चाओछिंग या नगरात राहावयास गेले. चीनच्या अंतर्भागात मुक्काम करण्याची ही संधी कैक वर्षांच्या खटपटीने मिळाली होती. दोघांनी डोके व दाढी भादरून बौद्ध भिक्षूंची वस्त्रे घातली होती. ते गोव्याहून, म्हणजे चिन्यांच्या लेखी भारताहून आलेले. त्यामुळे रुज्जेरीच्या १५८४ च्या चिनी पुस्तकावर लेखक म्हणून भारतातील भिक्षू असाच निर्देश आहे. बुद्धाच्या देशातून आलेल्या साधूंना जी जागा मिळते ती आपल्याला मिळावी, हा त्यांचा हिशेब. तो पुढे चुकीचा ठरला.

नदीकाठच्या एका उंच मनोऱ्याजवळ त्यांनी घर बांधायला घेतले. शेजाऱ्यांना हे परके लोक नको होते. मनोऱ्यावरून त्यांच्या घरावर दगड येत. रुज्जेरी पैशांची तजवीज करण्यासाठी मकावला गेलेला असताना, एके दिवशी रिचीच्या नोकराने दगड मारणाऱ्या एका मुलाला पकडून घरात आणले. काही भल्या माणसांच्या शब्दावरून त्याला लगेच सोडूनही दिले. पण थोड्याच दिवसांत अधिकाऱ्याकडे तक्रार गेली की या परदेश्यांनी मुलाला औषध देऊन तीन दिवस कोंडले आणि मकावला नेऊन गुलाम म्हणून विकण्याचा त्यांचा डाव होता. आरोप भयंकर होता आणि सगळा गाव विरोधात. रिचीला त्या वेळी भाषा जेमतेम येत होती. पेरणी होऊन अंकुर फुटायच्या आतच गारपीट व्हावी, तसा हा प्रसंग. सुदैवाने बांधकामावर देखरेख करणाऱ्या वृद्ध माणसांनी खरे काय ते सांगितले आणि खोटी तक्रार करणाऱ्यालाच फटक्यांची शिक्षा झाली. रिचीने गुडघे टेकून त्याच्यासाठी दयेची याचना केली. अधिकाऱ्याने ती मानली नाही. पण नगराने हे दृश्य पाहिले.

अशा वातावरणात शिक्षण चालू होते. शाळेत पाठ घेणारा गुरू एकच. येथे मात्र बाजार, न्यायकचेरी, शेजारी, नोकर, पाहुणे हे सगळेच गुरू. घरात लोक कुतूहलाने येत. ठोके देणारे घड्याळ, सप्तरंग दाखवणारा काचेचा लोलक आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहून प्रश्न विचारीत. त्या प्रश्नांची उत्तरे देताना रिचीची जीभ सुटत गेली. नकाशा चिनी भाषेत करून देण्याची सूचना वांग पानने केली आणि १५८४ मध्ये तो तयार झाला. आपला देश म्हणजेच जग असे मानणाऱ्या पाहुण्यांना त्यात आपला देश एका कोपऱ्यात दिसू नये, म्हणून रिचीने नकाशाची मांडणी बदलून चीनला मध्याच्या जवळ आणले. एकही आकडा खोटा न करता समोरच्याचा मान राखण्याची ही युक्ती.

मकावला उतरल्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, १५८५ च्या अखेरीस, आपण आता दुभाष्याशिवाय बोलू शकतो आणि बऱ्यापैकी वाचू-लिहू शकतो, असे त्याने पत्रातून कळवले. तीन वर्षे! आठ आठवड्यांत इंग्रजी बोला अशा जाहिराती वाचणाऱ्या आपल्याला हा काळ मोठा वाटेल. चिनी शिकणाऱ्याला तो थोडाच वाटेल.

याच वर्षांत दोघांनी एक वही सिद्ध केली. तिच्यात पोर्तुगीज वर्णानुक्रमाने सुमारे सहा हजार शब्द व वाक्प्रचार मांडलेले होते. पहिल्या रकान्यात पोर्तुगीज शब्द, दुसऱ्यात रोमन अक्षरांत चिनी उच्चार, तिसऱ्यात कुंचल्याने काढलेली चिनी अक्षरे. युरोपीय आणि चिनी भाषांना जोडणारा हा पहिला शब्दकोश म्हणावा लागेल. तो छापण्यासाठी केलेला नव्हता. विद्यार्थ्याने स्वतःच्या सोयीसाठी ठेवावी तशी ती वही होती. कित्येक पोर्तुगीज शब्दांसमोर पुढील दोन्ही रकाने कोरे आहेत.

१५८८ मध्ये रुज्जेरीला युरोपात परत पाठवण्यात आले. तो पुन्हा चीनला आला नाही. १६०७ मध्ये सालेर्नो येथे त्याचा अंत झाला. इतिहासाने या पहिल्या विद्यार्थ्याची उपेक्षाच केली आहे. चित्रावरून घोडा शिकणाऱ्या या माणसाने पुढे चिनी भाषेत कविता करण्यापर्यंत मजल मारली होती, आणि त्याने आधी वाट पाडली नसती तर रिचीला किती अवघड गेले असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुढच्याच वर्षी नव्या राजप्रतिनिधीच्या मनात ते घर भरले आणि रिचीला चाओछिंग सोडावे लागले. भरपाईदाखल किरकोळ रक्कम पुढे करण्यात आली. मुक्काम हलला तो त्याच प्रांताच्या उत्तरेस, शाओचौ येथे.

शाओचौची वर्षे त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण म्हणावी लागतील. हवा रोगट होती. सोबती आल्मेइदा १५९१ मध्ये गेला, त्याच्या जागी आलेला दे पेत्रिस १५९३ मध्ये. दोघेही तरुण. १५९२ मध्ये एका रात्री दरोडा पडला. खिडकीतून उडी टाकताना रिचीचा पाय मुरगळला आणि तो कायमचा अधू झाला. दहा वर्षांच्या श्रमांतून दाखवण्यासारखे फार थोडे हाती होते.

आणि नेमक्या याच काळात रिची पुन्हा विद्यार्थी झाला. त्याला चिनी बोलता येत होते, पण शिकलेल्या माणसाची चिनी येत नव्हती. बोलीभाषा निराळी आणि ग्रंथांची भाषा निराळी. ग्रंथ मोठ्याने वाचले तर ऐकणाऱ्याला पुस्तक समोर असल्याशिवाय अर्थबोध होणे कठीण. आपल्याकडे बोलीत वाढलेल्या मुलाने एकदम संस्कृत ग्रंथ हाती घ्यावा, तसे काहीसे. चिनी मुले लहानपणापासून कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चार ग्रंथ मुखोद्गत करीत आणि त्याच ग्रंथांवर राज्याच्या परीक्षा होत. हे चार ग्रंथ ज्याला येत नाहीत तो चिनी विद्वानांच्या नजरेत निरक्षरच. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या रिचीने पगारी शिक्षक ठेवला. रोज दोन पाठ घ्यायचे, मग स्वतः निबंध लिहून तपासून घ्यायचा, असा क्रम सुरू झाला. म्हातारपणी आपण शाळकरी पोर झालो आहोत, असे त्याने वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात गमतीने कळवले आहे. १५९४ पर्यंत त्याने त्या ग्रंथांचे लॅटिन भाषांतर पुरे केले.

याच गावी त्याला छू ताइसू नावाचा शिष्य मिळाला. मोठ्या घराण्यातला, हुशार, पण संपत्ती उधळलेला. परदेशी साधूला किमया येते आणि तो चांदी बनवतो, या समजुतीने तो आला आणि गणित शिकायला राहिला. क्लेव्हियसने रोममध्ये रिचीला दिलेली भूमिती अशी शाओचौच्या एका घरात पोहोचली. शिष्यानेही गुरूला एक धडा दिला. चीनमध्ये भिक्षूंना विद्वानांच्या पंगतीत स्थान नाही. तुम्ही ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते या वस्त्रांतील माणसाला बरोबरीचा मानणार नाहीत, हे त्याने स्पष्ट केले. बारा वर्षे मिरवलेला वेश चुकीचा होता, हे कबूल करणे सोपे नसते. रिचीने वालिन्यानोची संमती मिळवली, केस व दाढी वाढवली आणि १५९५ मध्ये चिनी पंडिताचा रेशमी झगा अंगावर चढवला.

त्याच वर्षी नानछांग नगरात त्याच्या विद्यार्थिदशेची जणू परीक्षाच झाली. एका मेजवानीत पंडितांनी त्याच्यासमोर परस्परांशी संबंध नसलेली चिनी अक्षरे मोठ्या संख्येने लिहून ठेवली. एकदा वाचून रिचीने ती क्रमाने म्हणून दाखवली आणि मग शेवटापासून आरंभापर्यंत उलटीही म्हटली. स्मरणाची ही कला तो रोममध्ये शिकला होता, पण ती अक्षरे मात्र कष्टाने मिळवलेली होती. लागोपाठ त्याने मैत्री या विषयावर एक छोटे पुस्तक थेट चिनी भाषेत लिहिले. युरोपातील प्राचीन लेखकांच्या विचारांचा तो संग्रह. धर्मप्रसाराचा त्यात आग्रह नव्हता. हे पुस्तक चिनी वाचकांनी आपणहून नकलून घेतले, छापले आणि दूरवर पोहोचवले. मा हा घोडा की आई, या प्रश्नाशी तेरा वर्षांपूर्वी अडखळलेला माणूस आता त्या भाषेचा लेखक झाला होता.

शिकणे तरीही संपले नाही. १५९८ मध्ये पेकिंगला जाऊन निराश होऊन परतताना कालव्यातून लांबचा प्रवास घडला. बरोबर कात्तानेओ नावाचा सहकारी होता. त्याला संगीताचा उत्तम कान. नावेत बसून दोघांनी आणि त्यांच्या चिनी साथीदाराने सूर ओळखण्यासाठी व महाप्राण उच्चार दाखवण्यासाठी खुणांची एक पद्धत ठरवली. सोळा वर्षे जे कानाने, अंदाजाने चालले होते ते आता कागदावर मांडता येऊ लागले. पुढच्यांना आपल्याइतका त्रास होऊ नये, ही तळमळ त्यामागे होती.

यानंतरचा भाग सर्वांना परिचित आहे. १६०१ च्या जानेवारीत रिची पेकिंगमध्ये दाखल झाला. वानली बादशहाला घड्याळे आवडली आणि रिचीला राजधानीत राहू देण्यात आले. १६०२ मध्ये ली चिझाओच्या साहाय्याने जगाचा मोठा नकाशा छापला गेला. १६०७ मध्ये श्यू क्वांगची या थोर विद्वानासह यूक्लिडचे पहिले सहा खंड चिनी भाषेत आले. रिची तोंडी अर्थ सांगे, श्यू तो लिहून काढी आणि मग दोघे एकेका शब्दावर खल करीत. बिंदू, रेषा, समांतर यांसाठी त्या वेळी योजलेले शब्द आजही चीनमधील वर्गांत वापरले जातात. श्यूला उरलेले खंडही हवे होते. रिचीने तेथेच थांबणे पसंत केले.

या साऱ्याची किंमत त्याने मोजली ती सहसा कोणी सांगत नाही. मायभूमीला पत्र जायला आणि उत्तर यायला कित्येक वर्षे लागत. ज्यांना लांबलचक पत्रे लिहिली ती माणसे पत्र पोहोचण्यापूर्वीच निवर्तलेली असत. हे आठवले की लेखणी उचलण्याचे बळच जाते, असे त्याने एकदा लिहिले होते. त्याची इटालियनही पूर्वीची उरली नव्हती. अखेरच्या वर्षांत चीनमधील कार्याचा इतिहास त्याने आपल्या मातृभाषेत लिहिला, तेव्हा त्या लेखनात जागोजागी पोर्तुगीज आणि स्पॅनिश वळणे शिरलेली होती. रोज बोलायला मायबोलीचा माणूस नसेल तर ती कशी झिजते, हे परप्रांतात तीन पिढ्या मराठी सांभाळलेल्या घरांना ठाऊक आहे. एक भाषा आत्मसात करताना दुसरी हातून निसटते आहे, याची त्याला जाणीव होती आणि त्याबद्दल त्याने वाचणाऱ्यांपाशी दिलगिरीही व्यक्त केली होती.

११ मे १६१० रोजी पेकिंगमध्ये त्याचे निधन झाले. वय सत्तावन्न. परदेश्याला राजधानीत दफनासाठी जागा देण्याची प्रथा नव्हती. बादशहाने ती त्याच्यासाठी दिली. चाओछिंगच्या घरात दोघांनी मिळून केलेली ती वही मात्र रोममधील संघाच्या दप्तरखान्यात, इतर कागदांच्या गठ्ठ्यात विस्मृत होऊन पडली. १९३४ मध्ये पास्क्वाले देलिया या अभ्यासकाला ती तेथे आढळली. साडेतीनशे वर्षांनंतरही तिसऱ्या रकान्यातील शाई स्पष्ट होती आणि ज्या शब्दांपुढे तेव्हा चिनी प्रतिशब्द सापडले नव्हते, त्या जागा तशाच रिकाम्या होत्या.